आभारांचं रेशनकार्ड

सबमिशनच्या आठवड्यात रात्री दीड वाजता हॉस्टेलवर एक फेरी मारून बघा. प्रत्येक विंगमध्ये एक खोली अशी सापडते की जिच्या दाराला कधी कडी नसते. आत एक जण कॉटवर मांडी घालून बसलेला असतो आणि त्याच्याभोवती सहा-सात जणांचं कोंडाळं. एकाला फुरिये सिरीज कळलेली नसते, दुसऱ्याचा प्रोग्राम रन होत नसतो, तिसऱ्याला काहीच समजून घ्यायचं नसतं, फक्त 'भावा, जर्नल दे ना' एवढंच. (जीटी मारायला शीट मागणारे वेगळे. त्यांना शीट देणं ही मदत की गुन्ह्यात सहभाग, हा वाद आमच्या विंगमध्ये अजून मिटलेला नाही!)

या मांडी घालून बसलेल्या माणसाला त्याबद्दल काय मिळतं? एक कटिंग. त्याचे पैसेही पुष्कळदा तोच देतो.

मागच्या वर्षी आम्हा चौघांना वाटलं, हे काही बरं नाही. म्हणून एक शंभर पानी वही आणली, सुतळीने बांधून वॉटर कूलरशेजारी अडकवली आणि वर लिहिलं, 'ज्याने मदत केली त्याच्या नावापुढे एक रेघ मारा.' बस्स, एवढाच नियम. विंगमध्ये आम्ही ३२ जण.

आठ दिवसांनी वही उघडली. पहिला आणि दुसरा नंबर एकाच खोलीतल्या दोन पार्टनरांचा! दोघांनी एकमेकांना इतक्या रेघा मारल्या होत्या की मोजायचा कंटाळा आला. विचारलं तर म्हणे, "अरे, हा रोज सकाळी माझा गजर बंद करतो. ही मदत नाही का?" आणि ज्या थर्ड इयरच्या मुलाने सेकंड इयरच्या सगळ्या पोरांना एम-थ्री शिकवलं होतं, त्याच्या नावापुढे अकरा रेघा. त्याच्याकडून शिकून गेलेल्या प्रत्येकाने प्रामाणिकपणे एकेकच रेघ मारली होती आणि जाऊन झोपले होते.

आम्ही आधी त्या दोन पार्टनरांना शिव्या घातल्या. मग शांत डोक्याने विचार केला तेव्हा लक्षात आलं की चूक वहीची होती. रेघ मारायला पैसे पडत नव्हते, वेळ पडत नव्हता, आणि किती मारायच्या याला हिशेब नव्हता. हव्या तितक्या नोटा घरी छापायची परवानगी दिली तर नोटेला वाण्याच्या दुकानात काय किंमत उरेल? रेघेचं तेच झालं. तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागलो आणि कळलं की हा घोळ आमच्या कूलरपाशी पहिल्यांदा झालेला नाही. अनोळखी माणसं अनोळखी माणसांना फुकट मदत करतात अशी ठिकाणं इंटरनेटवर उभी राहिली, तेव्हाच हा प्रश्न आला होता. मदत करणाऱ्याला पॉईंट द्यायचे, हे सगळ्यांना सुचलं. ते द्यायला मर्यादा कुठे घालायची, यावर मात्र प्रत्येकाने आपापलं डोकं लढवलं. त्याचाच हा थोडक्यात अभ्यास.

सुरुवात स्लॅशडॉटपासून करू. रॉब माल्डा या तरुणाने १९९७ मध्ये अमेरिकेत सुरू केलेलं हे संगणकवाल्यांच्या बातम्यांचं ठिकाण. बातमीखाली शेकडो लोक लिहायचे. त्यातलं कामाचं कोणतं आणि फालतू कोणतं हे ठरवायला त्यांनी पगारी माणसं ठेवली नाहीत. वाचकांमधूनच काही जण पाळीपाळीने निवडले जायचे. नियमित येणारा, अगदी नवखा नसलेला आणि ज्याचं आधीचं वागणं ठीक आहे असा कोणीही. त्याच्या हातात ५ पॉईंट यायचे. ते ३ दिवसांत वापरायचे, नाहीतर रद्द. ज्या चर्चेत पॉईंट दिले त्या चर्चेत स्वतः बोलायचं नाही. बोललात तर दिलेले पॉईंट मागे. म्हणजे एकतर खेळाडू व्हा नाहीतर अंपायर! शिवाय कुठल्याही प्रतिक्रियेचा स्कोअर उणे १ ते ५ यांच्याच मध्ये. पाचावर गेली की सहाव्या माणसाला ती कितीही आवडो, आकडा हलत नाही.

मला या योजनेतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते ती ही की पॉईंट देणं हा कुणाचाही कायमचा हक्क नाही. मेस सेक्रेटरीसारखी पाळी येते आणि जाते. त्यामुळे 'तू मला दे, मी तुला देतो' हा करार करायलाच अडचण. माझी पाळी आज, तुझी कदाचित दोन महिन्यांनी, आणि तोवर मी तुझा उपकार लक्षात ठेवीन याची खात्री कोण देणार?

पण माणूस तो माणूसच. तिथे पॉईंट देताना शेराही निवडावा लागे : माहितीपूर्ण, मार्मिक, विनोदी वगैरे. यातल्या 'विनोदी' शेऱ्याने प्रतिक्रियेचा स्कोअर वाढे, पण लिहिणाऱ्याच्या खात्यावर, ज्याला ते 'कर्म' म्हणत, काही जमा होत नसे. हेतू असा की नुसते पाचकळ विनोद करून कोणी पुण्यवान ठरू नये. झालं काय? एखादा विनोद फारच आवडला तर दयाळू लोक त्याला मुद्दाम 'मार्मिक' म्हणून पॉईंट द्यायला लागले. लिहिणाऱ्याच्या पदरात काहीतरी पडावं म्हणून! नियम करणाऱ्याने एक फट बुजवली की लोक शेजारची शोधतात, आणि दरवेळी ती लबाडीसाठीच असते असंही नाही. कर्माला त्यांनी पुढे ५० ची कमाल मर्यादा घातली आणि नंतर आकडा दाखवणंच बंद करून 'चांगलं', 'उत्तम' असे शब्द ठेवले, कारण लोक व्हिडिओ गेमसारखे आकड्यामागे धावायला लागले होते.

दुसरा प्रकार व्हीबुलेटिन या सॉफ्टवेअरचा. २००४ मध्ये आलेल्या त्याच्या तिसऱ्या आवृत्तीवर जगभरातली हजारो चर्चास्थळं चालायची. इथे पॉईंट कोणीही, कधीही देऊ शकत होता, पण दोन बेड्या होत्या. एक, दिवसाला अमुकच वेळा. दोन, एकदा एखाद्याला पॉईंट दिलात की त्यालाच पुन्हा देण्याआधी अमुक इतक्या वेगळ्या लोकांना द्यायचे. आकडे ते ठिकाण चालवणारा ठरवणार. मर्यादा ओलांडायला गेलात की पडद्यावर सूचना यायची, त्याचा मराठी अर्थ साधारण असा : 'बाबा रे, आधी चार जणांत वाटून ये, मग याला पुन्हा दे.'

आपण इंजिनिअरिंगवाले आहोत तेव्हा थोडं गणित करून बघू. समजा दिवसाची मर्यादा १० आणि 'आधी वीस जणांना द्या' असा नियम. दोन पार्टनर एकमेकांना पॉईंट वाटताहेत. दुसरा नियम नसता तर एकाला दुसऱ्याकडून वर्षात ३६५ गुणिले १०, म्हणजे ३६५० पॉईंट मिळाले असते. नियमामुळे दर २१ पॉईंटांतला एकच पार्टनरला जाऊ शकतो. ३६५० भागिले २१, म्हणजे पावणेदोनशेच्याही आत. एकवीसपट घट! वर, तो एक देण्यासाठी मधले वीस इतरांना वाटावे लागतात, आणि त्या निमित्ताने इतरांनी काय मदत केली याकडे नजर जाते ती वेगळीच.

मग यातून पळवाट नाही का? आहे. २२ जणांची टोळी करा. प्रत्येकाने उरलेल्या एकवीस जणांना फिरवून फिरवून पॉईंट द्यायचे. नियम पाळला जातो आणि प्रत्येकाला पुन्हा सरासरी रोजचे १० मिळतात. म्हणजे या नियमाने लबाडी बंद होत नाही, तिचा भाव वाढतो. दोघांचं काम बावीस जणांचं होतं. आणि बावीस जणांनी मिळून गुप्त ठेवलेली गोष्ट आमच्या हॉस्टेलवर तरी अजून घडलेली नाही. एवढ्यात रेक्टर सरांना कळतंच.

आता या नियमाची दुसरी बाजू. समजा एम.टेक.ला एखाद्या विषयात तिघेच जण आहेत आणि त्यातल्या एकालाच तो विषय धड येतो. उरलेले दोघे रोज त्याच्याकडे जाणार. पण पॉईंट देताना नियम म्हणणार, आधी इतर वीस जणांना द्या. ते वीस आणायचे कुठून? गर्दीच्या विषयात मदत करणारा पॉईंटांनी न्हाऊन निघतो आणि आडबाजूच्या विषयात एकट्याने खिंड लढवणारा कोरडा राहतो. टोळीला अडवणारी भिंत आणि या माणसाला अडवणारी भिंत एकच आहे. वीस कमी करून पाच केले तर त्याला बरं, पण टोळीही सात जणांची पुरते. हा आकडा कागदावर सोडवून 'बरोबर' काढता येत नाही. कुठल्या बाजूची चूक परवडते, एवढंच ठरवता येतं.

आता सगळ्यांच्या ओळखीचं ठिकाण. प्रोग्राम अडला की सेकंड इयरपासून आपण जिथून चिकटवत आलो ते स्टॅक ओव्हरफ्लो. जेफ ॲटवुड आणि जोएल स्पोल्स्की यांनी २००८ मध्ये सुरू केलं. तुमचं उत्तर कोणाला आवडलं तर तुम्हाला १० पॉईंट. विचारणाऱ्याने तेच उत्तर स्वीकारलं तर आणखी १५. पण आवडलं असं सांगायचा हक्क आल्या आल्या मिळत नाही, त्याआधी स्वतः १५ पॉईंट कमवावे लागतात. नापसंतीसाठी १२५ लागतात, आणि एखाद्याच्या उत्तराला नापसंती दिलीत तर तुमच्या खिशातूनही १ जातो. ही मला फार आवडलेली युक्ती. दुसऱ्याच्या उत्तराला नाक मुरडायचंय ना, मुरडा, पण एक रुपया टाकून! देणाऱ्यालाही दिवसाला फार तर ४० मतं. एकाच माणसाने एकाच माणसाला सटासट मतं दिली तर रात्री एक प्रोग्राम चालतो आणि संशयास्पद मतं उलटवून टाकतो.

तिथे 'बाउंटी' नावाचा प्रकार आहे, तो तर सरळ व्यवहार. प्रश्न फारच अडला असेल तर स्वतःच्या खात्यातले ५० ते ५०० पॉईंट बक्षीस लावायचे. लावले की ते आपल्या खात्यातून गेले, उत्तर येवो न येवो. इथे मर्यादा घालायला कुणाची गरजच नाही. ज्याच्या खिशात जेवढे आहेत तेवढेच तो देणार. फुकट रेघ आणि पदरमोड करून दिलेली रेघ यातला फरक आमच्या त्या पार्टनरांना समजावून सांगायला हे उदाहरण मला तेव्हा माहीत असतं तर बरं झालं असतं.

या ठिकाणी आणखी एक मर्यादा आहे, आणि ती घेणाऱ्यावर आहे. लोकांच्या मतांमधून एका दिवसात २०० पॉईंटांपेक्षा जास्त जमा होत नाहीत. विसाव्या पसंतीनंतर एकविसावी आली तर उत्तरावर दिसते, खात्यात नाही. स्वीकृत उत्तराचे १५ आणि बाउंटी मात्र या मर्यादेबाहेर. तिथला सर्वांत गाजलेला उत्तरकर्ता जॉन स्कीट जानेवारी २०१८ मध्ये १० लाख पॉईंटांवर पोचला, तिथे पोचणारा पहिलाच. आता हिशेब करा. सप्टेंबर २००८ पासून तोवर साधारण ३४०० दिवस. रोज न चुकता २०० मिळाले असं धरलं तरी होतात ६ लाख ८० हजार. म्हणजे उरलेले तीन लाखांहून जास्त पॉईंट मर्यादेच्या बाहेरून आले, मुख्यतः 'हेच उत्तर मला हवं होतं' असं विचारणाऱ्यांनी स्वतः म्हटल्यामुळे. बघ्यांच्या टाळ्यांना त्यांनी माप लावलं, आणि ज्याचं काम अडलं होतं त्याच्या होकाराला लावलं नाही.

हे वाचलं तेव्हा मला २०० ची मर्यादा अन्यायाचीच वाटली. ज्याने दिवसात पन्नास जणांना सोडवलं त्याला वीस जणांचंच श्रेय? देणाऱ्याला बांधा, घेणाऱ्याला कशाला? पण याबद्दल नंतर.

आता थोडी थिअरी, घाबरू नका. पॉईंटांच्या सगळ्या मर्यादा 'दर माणशी' असतात. म्हणून पहिला हल्ला माणशी या शब्दावरच होतो. एकाच माणसाने शंभर खोटी नावं घेतली तर? मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या जॉन डूसर यांनी २००२ मध्ये यावर निबंध लिहिला आणि या प्रकाराला 'सिबिल हल्ला' हे नाव रूढ झालं. अनेक व्यक्तिमत्त्वं असलेल्या एका स्त्रीवर १९७३ मध्ये आलेल्या पुस्तकाचं ते नाव. निबंधाचा निष्कर्ष असा, की ओळख पटवून देणारी कोणी मध्यवर्ती यंत्रणा नसेल तर व्यवहारात हा हल्ला पूर्णपणे रोखता येत नाही. आपल्याकडे ती यंत्रणा आहे : रोल नंबर आणि रेक्टर सरांचं रजिस्टर. तरीसुद्धा आपण प्रॉक्सी मारतोच, तो भाग वेगळा!

यावर एक सुंदर तोड राफ लेव्हिएन यांनी १९९९ मध्ये ॲडव्होगॅटो नावाच्या ठिकाणासाठी काढली. मुक्त सॉफ्टवेअर लिहिणारे एकमेकांना तिथे प्रशस्तिपत्र द्यायचे. लेव्हिएन यांनी रेघा मोजल्या नाहीत, त्यातून पाणी सोडलं. हॉस्टेलच्या गच्चीवरची टाकी डोळ्यांसमोर आणा. टाकी म्हणजे काही मोजके, पक्के विश्वासाचे लोक. त्यांनी ज्यांना पत्र दिलं त्यांच्याकडे पाईप जातो, तिथून पुढच्यांकडे, तिथून आणखी पुढे. टाकीपासून जितकं लांब तितका माणूस कमी पाणी पुढे सोडू शकतो. ज्याच्या बादलीत पाणी पोचलं तो खरा. आता एखाद्या भामट्याने हजार खोटी खाती काढून एकमेकांना हवे तितके पाईप जोडले, तरी त्यांच्याकडे पाणी येणार ते खऱ्या माणसांकडून चुकून जोडलेल्या दोन-चार पाईपांतूनच. आपल्याला ऑपरेशन्स रिसर्चमध्ये येतं ते मॅक्सिमम फ्लो, मिनिमम कट, तेच हे, फोर्ड आणि फुल्कर्सन यांचं. खोटी खाती कितीही वाढवा, मधला काप जेवढा रुंद तेवढेच आत येणार. परीक्षेला पाच मार्कांसाठी पाठ केलेलं प्रमेय असं कामाला आलेलं पाहून मला तरी फार बरं वाटलं.

गूगलच्या जन्मामागची पेजरँक ही पद्धतही याच घराण्यातली. १९९८ मध्ये ब्रिन आणि पेज यांनी ती मांडली. तिच्यात एखादं पान जितक्या पानांकडे बोट दाखवतं तितक्यांत त्याचं वजन वाटलं जातं. चौघांकडे बोट दाखवलं तर प्रत्येकाला पाव. म्हणजे मर्यादा वेगळी सांगायची गरज नाही, ती भागाकारातच आहे. सगळ्यांना 'वा वा' म्हणणाऱ्याची वाहवा आपोआप पातळ होते. मेसमधली शनिवारची आमटी आठवा!

आता या सगळ्या मर्यादांना काय जमत नाही तेही सांगायला हवं. पॉईंट कोणी, किती, कुणाला दिले हे त्या मोजतात. मदत खरी होती का, हे देणाऱ्यालाच कळत नसेल तर त्या काय करणार? आतापर्यंत एक गोष्ट आपोआप आपल्या बाजूची होती. चुकीचं पण पटण्यासारखं उत्तर लिहायलाही वेळ लागायचा. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये चॅटजीपीटी आलं आणि ते मिनिटाचं काम झालं. स्टॅक ओव्हरफ्लोने डिसेंबर २०२२ मध्येच अशी यंत्राकडून लिहून घेतलेली उत्तरं टाकायला बंदी केली. कारण सरळ होतं : दिसायला छान, पण चुकांचं प्रमाण मोठं, आणि तपासणाऱ्या माणसांना तेवढा वेळ नाही. देणाऱ्याच्या हातातली ४० मतं तशीच राहिली, समोर येणाऱ्या उत्तरांचा मात्र पूर.

असो. वहीकडे परत येऊ.

हे सगळं अर्धंमुर्धं वाचून आम्ही वहीला नवे नियम लावले. दर माणशी आठवड्याला ५ पॉईंट. एकाला जास्तीत जास्त २. रूम पार्टनरला शून्य (यावर पुष्कळ आरडाओरडा झाला). शिल्लक राहिले तर रविवारी रात्री रद्द. आणि उणे पॉईंट नाहीत. हे शेवटचं ईबेवरून शिकलो. तिथे विकणारा आणि घेणारा दोघेही एकमेकांना शेरे द्यायचे, आणि 'तू मला वाईट दिलंस तर मी तुला देईन' या भीतीने खरं बोलायची चोरी झाली. शेवटी २००८ मध्ये विक्रेत्यांनी ग्राहकांना वाईट शेरा द्यायची सोयच काढून टाकली गेली. आम्हाला तर एकाच संडास-बाथरूमच्या रांगेत उभं राहायचं असतं. उणे पॉईंट नकोच.

फरक लगेच पडला. एम-थ्रीवाला पहिल्याच आठवड्यात सर्वांत वर गेला. दोघे पार्टनर यादीतून गायब. पाचच पॉईंट हातात असल्यावर लोक देताना थांबायला लागले. कूलरपाशी पेन तोंडात धरून 'कुणाला देऊ' म्हणून उभी असलेली पोरं मी स्वतः पाहिली आहेत. रद्द होण्याच्या नियमाचा एक तोटाही दिसला. रविवारी रात्री मेस बंद, म्हणून सगळे बाहेर जेवायला निघायचे तेव्हा घाईघाईने उरलेले पॉईंट समोर दिसेल त्याला देऊन टाकायचे. आम्ही त्यांना 'मार्च एंडचे पॉईंट' म्हणायचो.

मग बातमी डिपार्टमेंटपर्यंत गेली. एका सरांनी, चांगल्याच हेतूने, वर्गात सांगितलं की वहीत पहिला येणाऱ्याचं गॅदरिंगला स्टेजवर नाव घेऊ. झालं! पुढच्या आठवड्यापासून न बोलावता दारं वाजायला लागली. "काही अडलंय का रे?" ओरलच्या आदल्या दिवशी तयार उत्तरांचे झेरॉक्स फिरले, 'दोन पॉईंट लिही, मग देतो' या बोलीवर. अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये म्हटलं होतं त्याचा लोकांनी पुढे केलेला सोपा अर्थ असा, की माप हेच ध्येय झालं की ते माप म्हणून निकामी होतं. त्याचं प्रात्यक्षिक आम्ही दुसऱ्या मजल्यावर करून दाखवलं. सरांना भेटून सगळं सांगितलं, त्यांनीही हसून स्टेजचं रद्द केलं, आणि दोन आठवड्यांत पुष्कळ 'समाजसेवक' आपापल्या खोलीत परत गेले.

पण त्या एम-थ्रीवाल्याचं काय झालं ते आम्ही कोणीच पाहिलं नव्हतं. नाव वर गेल्यावर त्याच्याकडे शेजारच्या विंगचे, मग खालच्या मजल्याचे लोक यायला लागले. वही म्हणजे त्याची जाहिरातच झाली होती. त्याला 'नाही' म्हणता येत नव्हतं, कारण आता तो 'पहिला' होता. त्याची स्वतःची मशीन डिझाईनची शीट दोनदा परत आली, आणि ओरलला एक्स्टर्नलने सोपं विचारलं तेही त्याला सुचलं नाही. रात्री तीनला झोपलेला माणूस, काय सुचणार? त्या संध्याकाळी तो वही घेऊन माझ्या खोलीत आला. रागावलेला नव्हता. फक्त म्हणाला, "हे बघ, मला शिकवायला आवडतं. पण तुम्ही मला किती मिळाले ते मोजलं. माझे किती गेले ते कुठल्या पानावर आहे?"

मला तेव्हा तो २०० चा आकडा आठवला. घेणाऱ्यावरची मर्यादा मी श्रेय कापणारी कात्री समजत होतो. त्याला ती समजावून सांगितली तेव्हा त्याने उलटीच बाजू पाहिली. म्हणाला, "म्हणजे वीस झाल्यावर तो माणूस झोपायला मोकळा. बरं आहे की."

या सत्रात वहीत एक ओळ वाढली आहे, त्याच्याच अक्षरात. आठवड्यात कोणाचेही १२ पॉईंट झाले की त्याच्या नावावर सोमवारपर्यंत आडवी रेघ, आणि त्या काळात त्याचं दार रात्री साडेअकरानंतर वाजवायचं नाही. १२ च का, याला काही गणित नाही. त्याने एका आठवड्यात किती जणांना शिकवून स्वतःचा अभ्यास होतो ते आठवून सांगितलेला आकडा आहे. लोक कुरकुरले. पण नाव बंद झाल्यावर पहिल्याच बुधवारी, सेकंड इयरच्या ज्या मुलाला त्यानेच लाप्लास शिकवलं होतं, त्याच्या खोलीत चौघे जण वह्या घेऊन बसलेले दिसले. शिकवणारा थोडा चुकत होता, पण समोरच्यांपैकी एकाने पुस्तक उघडून ठेवलं होतं.

एम-थ्रीवाला आता फायनल इयरला आहे. त्याच्या दाराला कडी आली आहे. दिवसा ती उघडी असते.